परतीच्या वाटेची परीक्षा

ग्रामीण जीवनाचा अभ्यास करणाऱ्या आणि त्या अभ्यासाची फलिते ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणाऱ्या एका विश्वस्त संस्थेच्या संगणक विभागाचा कारभार बरीच वर्षे माझ्याकडे होता. त्या काळात हातून झालेल्या कामांपैकी ज्याविषयी आजही सविस्तर लिहावेसे वाटते, ते काम म्हणजे पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर आणि कुडाळ या पाच ठिकाणच्या कार्यालयांतील नानाविध संगणकांच्या बॅकअपसाठी एक पद्धती निवडून ती रुजविण्याचे. दरपत्रके मागवावीत, तुलनात्मक तक्ता मांडावा आणि विश्वस्त मंडळाची मंजुरी घ्यावी, एवढ्यातच ते आटोपण्याजोगे होते. परंतु जसजसे त्याच्या खोलात जावे तसतसे ध्यानी येत गेले, की या निवडीत यंत्रांच्या गुणांपेक्षा संस्थेतील माणसांच्या परस्परविश्वासाचा आणि अधिकाराच्या वाटणीचाच प्रश्न अधिक गुंतलेला आहे.

साधारण २०१० च्या सुमारास आमच्या दप्तरातील यंत्रसामग्री अशी होती: पुण्याच्या प्रकाशन विभागात पृष्ठरचनेसाठी मॅक संगणक; हिशेब विभागात विंडोज एक्सपी आणि त्यावर टॅली; सर्वेक्षणांच्या सांख्यिकीसाठी लिनक्सवर चालणारी दोन यंत्रे; संशोधकांपाशी निरनिराळ्या वयाचे आणि निरनिराळ्या बनावटीचे लॅपटॉप, जे महिन्यातील अर्धे दिवस खेडोपाडी फिरत असत. मुंबई आणि नागपूर येथे याचीच लहान आवृत्ती होती, कोल्हापुरास हिशेब आणि क्षेत्रकार्य ही दोन्ही खाती होती, आणि कुडाळास तर अवघे दोन संगणक, एक क्षेत्रसेवक आणि एक लेखनिक बाई एवढाच सारा व्याप होता. एकाच संस्थेच्या छत्राखाली नांदणाऱ्या या यंत्रांच्या भाषा, फायली साठविण्याच्या रीती आणि बंद-चालू होण्याच्या वेळा परस्परांशी जुळणाऱ्या नव्हत्या.

या यंत्रांत जे साठलेले होते त्यातील पुष्कळसे पुन्हा निर्माण करता येण्यासारखे होते: छापलेले पुस्तक पुन्हा टंकता येते, जमाखर्च पावत्यांवरून पुन्हा मांडता येतो. परंतु क्षेत्रसेवकांनी वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखती, म्हणजे कोकणातील खोतीच्या आठवणी सांगणारे कुळांचे वंशज, मीठ पिकविणारे आगरी, घाटावरील ऊसतोडणी मजूर आणि विदर्भातील कोरडवाहू शेतकरी यांनी आपल्या तोंडाने सांगितलेले आयुष्य, हे असे धन होते की ते सांगणारी माणसे काळाच्या पडद्याआड गेल्यावर जगातील कोणत्याही उपायाने परत मिळविता येणारे नव्हते. त्या माणसांनी विश्वासाने आपल्या घराचे आणि मनाचे दार उघडले होते. तो विश्वास सांभाळण्याची जबाबदारी संस्थेवर आहे, ही जाणीव या सबंध कामात माझ्या डोळ्यांपुढून कधी हलली नाही.

पूर्वीचा शिरस्ता कार्यालयागणिक वेगळा होता. कोणी महिन्याकाठी सीडी करून कपाटात ठेवी, कोणी पेनड्राइव्हवर चालू वर्षाचे हिशेब उतरवून घेई, कोणी संगणकाशेजारीच एक बाहेरची हार्डडिस्क जोडून निश्चिंत राही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईतील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले, तेव्हा मूळ आणि नक्कल एकाच खोलीत ठेवणे म्हणजे नक्कल न ठेवण्यासारखेच आहे, हे सत्य कोणत्याही ग्रंथावाचून सर्वांना समजून चुकले होते. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेले सूत्र, की प्रती तीन असाव्यात, त्या दोन भिन्न माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी दुसऱ्या स्थळी असावी, हे आम्ही आरंभबिंदू म्हणून स्वीकारले. परंतु असे सूत्र स्वीकारल्याने निवडीचा प्रश्न सुटत नाही, तो केवळ नीट मांडला जातो.

प्रथम अंकगणित करणे प्राप्त होते, कारण शाखांना पुण्याशी जोडणाऱ्या वाहिन्या दुर्बळ होत्या आणि कोणत्याही सॉफ्टवेअरला त्या दुर्बळतेवर मात करता येणार नव्हती. ब्रॉडबँडच्या त्या काळच्या जोडणीत खाली उतरणाऱ्या प्रवाहापेक्षा वर चढणारा प्रवाह पुष्कळच क्षीण असे, आणि बॅकअपला लागतो तो नेमका वर चढणारा. सेकंदाला ५१२ किलोबिट एवढ्या वेगाने एक गिगाबाईट पाठवावयाचे तर सव्वाचार तासांहून अधिक वेळ लागतो; म्हणजे रात्रीच्या आठ तासांत दोन गिगाबाईटही पुरते जाऊ शकत नाहीत, आणि एका तासाच्या असंकुचित ध्वनिमुद्रणाची एकच फाईल सहाशे मेगाबाईटच्या घरात जाते. शंभर गिगाबाईटचे दप्तर याच वाटेने पुण्यास आणावयाचे म्हटले तर अखंड अठरा दिवस लागावेत, आणि मधल्या काळात भारनियमनाने वीज किती वेळा जाईल याचा हिशेब कोणी द्यावा? म्हणून प्रारंभीची संपूर्ण प्रत हार्डडिस्कवर घेऊन माणसाच्या हाती पाठवावी आणि नंतर रोजचा फेरफार तेवढा तारेवरून जावा, हा निर्णय सॉफ्टवेअरचे नाव ठरण्यापूर्वीच करावा लागला.

केवळ फेरफार पाठविण्याची ही युक्ती ज्यांच्या बुद्धीतून उतरली त्यांचे ऋण येथे मान्य केले पाहिजे. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली आरसिंक हा कार्यक्रम सिद्ध केला. ज्या टोकाकडे जुनी प्रत आहे त्याने आपल्या फाईलचे लहान खंड पाडून प्रत्येक खंडाची गणिती खूण दुसऱ्या टोकास कळवावी, आणि दुसऱ्या टोकाने त्या खुणा आपल्या नव्या फाईलवरून सरकवीत नेऊन जो भाग जुळत नाही तेवढाच पाठवावा, असे त्याचे तत्त्व आहे. ई-मेलची मोठी टपालपेटी रोज थोडीशी बदलते, पण फाईल म्हणून ती सबंध बदललेलीच दिसते. अशा वेळी या तत्त्वाचे मोल कुडाळसारख्या ठिकाणी जितके कळते तितके राजधानीतील वेगवान जाळ्यावर कधीच कळणार नाही.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येतो. मेरीलँड विद्यापीठात जन्मलेली अमांडा, कर्न सिबाल्ड यांनी २००० साली आरंभिलेली बाक्युला आणि क्रेग बॅरॅट यांची बॅकअपपीसी ही तीन मुक्त सॉफ्टवेअरे आमच्या यादीत होती. त्यांच्या जोडीला मोठ्या कंपन्यांची परवान्यावर मिळणारी सॉफ्टवेअरेही होती, आणि २००८ साली पुण्यातच स्थापन झालेल्या द्रुवा या कंपनीने लॅपटॉपांच्या बॅकअपचा जो विचार चालविला होता तोही आम्ही आस्थेने पाहिला. बाक्युलाची रचना भव्य होती: आज्ञा देणारा संचालक एक, प्रत्येक संगणकावर फायली वाचणारा सेवक दुसरा, साठा सांभाळणारा कोठारी तिसरा, आणि सर्वांची नोंदवही ठेवणारा डेटाबेस चौथा. टेपच्या मोठ्या यंत्रांचा कारभार करणाऱ्या संस्थेस याहून उत्तम व्यवस्था क्वचितच मिळाली असती. परंतु ती चालविणारा जाणकार प्रत्येक शाखेत असणे शक्य नव्हते, आणि परवान्याची सॉफ्टवेअरे सर्व्हरागणिक व यंत्रागणिक जे मूल्य मागत त्याचा भार लहान शाखांवर सर्वांत अधिक पडत होता.

निवेदनासाठी येणारे प्रतिनिधी सारे सौजन्याने बोलत. प्रती किती वेगाने घेतल्या जातील, किती जागा वाचेल, अहवाल किती सुबक निघतील, हे ते तपशिलाने सांगत. त्या साऱ्या निवेदनांतून माझ्या मनात हळूहळू एकच कसोटी पक्की होत गेली: प्रत घेणे हे यंत्राचे काम आहे आणि ते बहुतेक सर्वच यंत्रे करतात, परंतु हरवलेली फाईल परत मिळविणे हे माणसाचे काम आहे, आणि ते माणूस बहुधा घाबरलेले, घाईत असलेले आणि तज्ज्ञापासून दूर बसलेले असते. तेव्हा परीक्षा घ्यावयाची ती परतीच्या वाटेची. आणि तीही पुण्यातील अभियंत्याच्या हातून नव्हे, तर सर्वांत दूरच्या कार्यालयातील, सर्वांत कमी मुखत्यारी असलेल्या कर्मचाऱ्याच्या हातून.

म्हणून निवडीस उरलेली सॉफ्टवेअरे आम्ही कुडाळास नेली. तेथील लेखनिक बाईंना प्रत्येकातून एकच काम करावयास सांगितले: मागच्या मंगळवारची पत्रव्यवहाराची फाईल परत आणा. बॅकअपपीसीचे पान ब्राउझरमध्ये उघडते, त्यात दिनांकवार प्रती मांडलेल्या दिसतात, नेहमीच्या फोल्डरांतून जावे तसे त्यांतून जाता येते आणि हव्या त्या फाईलपुढे खूण करून ती मागता येते; बाईंनी ती वाट कोणाच्या मदतीवाचून पार केली. मग त्यांनी विचारले, ‘सर, पण ही जुनी फाईल आजच्या फाईलवर जाऊन बसली तर? आज सकाळी मी त्यात चार पत्रे वाढवली आहेत.’ अनेक निवेदनांत ज्या प्रश्नाचा उच्चारही झाला नव्हता तो प्रश्न रोज त्या फाईलवर काम करणाऱ्या व्यक्तीस तत्क्षणी सुचला. त्याच दिवशी नियम ठरला, की परत मागविलेली फाईल मूळ जागी कधीही थेट उतरवावयाची नाही. ती ‘परत आलेले’ या स्वतंत्र फोल्डरात घ्यावयाची, उघडून पाहावयाची, आणि मगच तिचे काय करावयाचे ते जिची फाईल तिने ठरवावयाचे. हा नियम मराठीत एका पानावर छापून प्रत्येक कार्यालयात लावला गेला.

आमच्या लिपीनेही या निवडीत आपला हक्क सांगितला. आरसिंकचा विंडोजवरील अवतार सिग्विन नावाच्या माध्यमातून चालतो, आणि २००९ च्या अखेरीस सिग्विनची १.७ ही आवृत्ती येईपर्यंत त्यास देवनागरी नावांच्या फायली नीट वाचताच येत नसत. म्हणजे ज्या कार्यालयांनी निष्ठेने आपल्या फायलींना मराठी नावे दिली होती त्यांच्याच फायली प्रतीबाहेर राहण्याचा धोका होता. त्यापुढे लांबीचा प्रश्न. लिनक्सवर फाईलच्या नावास २५५ बाइटांची मर्यादा असते आणि युटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, त्यामुळे काना-मात्रा धरून पंचाऐंशी चिन्हांपलीकडे नाव जाऊ शकत नाही. विंडोजवर मात्र त्याहून लांब नाव सुखेनैव चालते, आणि शासकीय प्रस्तावांची नावे किती प्रदीर्घ असतात हे ज्यांनी दप्तर सांभाळले आहे त्यांना सांगावयास नको. तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म होती. ‘शेतकऱ्यांच्या मुलाखती’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकसंध लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असा फोडूनही लिहिता येतो. मॅकची तत्कालीन फाईलव्यवस्था तो फोडून ठेवी, विंडोज जसा आला तसा ठेवी, आणि दोहोंकडून लिनक्सच्या साठ्यात उतरलेले फोल्डर डोळ्यांना अक्षरशः एकरूप दिसत असूनही दोन निराळे ठरत. आरसिंकमध्ये या रूपांतराची तरतूद असल्यामुळे तो प्रश्न मिटला. परंतु मराठी दप्तराच्या गरजा मराठी दप्तरानेच तपासल्या पाहिजेत, त्या दुसरा कोणी आपणहून तपासून देणार नाही, ही खूणगाठ त्या प्रसंगाने पक्की झाली.

काही अडचणींवर सॉफ्टवेअरपेक्षा शिस्तीचा उपाय अधिक सरळ ठरला. टॅली चालू असताना तिच्या फायलींची बाहेरून घेतलेली प्रत विश्वसनीय नसते. उघड्या फायलींची क्षणस्थिर छाया घेण्याची सोय विंडोजमध्ये आहे, पण जुन्या यंत्रांवर ती बिनचूक चालविणे कष्टाचे होते. तेव्हा हिशेबनिसांनी सायंकाळी टॅलीतीलच बॅकअपची आज्ञा देऊन एका ठराविक फोल्डरात प्रत ठेवावी आणि मगच यंत्र बंद करावे, असा शिरस्ता घातला. हिशेबाची पुस्तके मिटल्यावर रोजकीर्दीची रुजवात घेण्याची सवय ज्यांना होती त्यांना तो परका वाटला नाही. लॅपटॉप रात्री जाळ्यावर नसत, त्यांचा प्रश्न बॅकअपपीसीच्या रचनेनेच सोडविला: जे यंत्र सदैव हजर असते त्याची प्रत ती रात्रीच घेते, आणि जे कधीमधी दिसते त्याची प्रत ते दिसेल त्या वेळी घेते.

अखेर जी व्यवस्था मंजूर झाली ती अशी. प्रत्येक कार्यालयात लिनक्सचे एक लहान यंत्र बसवून त्यावर बॅकअपपीसी चालवावी, म्हणजे रोजची फाईल त्याच इमारतीत, क्षणार्धात आणि पुण्याची अनुमती न मागता परत मिळेल. या यंत्रानेच इतर संगणकांकडे जाऊन प्रत उचलावी. त्या संगणकांना साठ्यात लिहिण्याचा अधिकार मुळीच नसावा. पुढे मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरच्या विंडोज यंत्रांवरील फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा या एकतर्फी रचनेचे महत्त्व आमच्या विश्वस्तांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. त्या काळची बॅकअपपीसी एकसारख्या फायली एकदाच साठवी आणि त्यांना असंख्य दुवे देई, त्यामुळे जागा पुष्कळ वाचे. मात्र त्याच दुव्यांमुळे तिचा सबंध साठा दुसरीकडे हलविणे आरसिंकलाही जड जाई. म्हणून साठ्याची नक्कल करण्याच्या फंदात न पडता, निवडक अमोल दप्तराची दुसरी स्वतंत्र प्रत पुण्याचे यंत्र रात्री थेट उचली, आणि ध्वनिमुद्रणे कूटबद्ध हार्डडिस्कवर घालून दरमहा माणसासोबत येत. त्या डिस्कांचे पासवर्ड दोन विश्वस्तांपाशी मोहोरबंद लिफाफ्यांत ठेवण्यात आले, कारण जी किल्ली एकाच माणसाच्या स्मरणात असते ती संस्थेची किल्ली नव्हे.

व्यवस्था बसविण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आम्ही तिच्या रुजवातीस दिले. शेतकरी पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि त्यांतील किती उगवतात ते मोजून मगच बियाणे रानात नेतो. त्याच न्यायाने दर तिमाहीस प्रत्येक कार्यालयात चिठ्ठी काढून काही फायली निवडाव्यात, त्या परत मागवाव्यात, उघडून पाहाव्यात, ध्वनिमुद्रण असल्यास ऐकावे आणि वहीत सही करावी, असा नियम झाला. हे काम संगणक विभागाने करावयाचे नाही, त्या कार्यालयातील नव्यात नव्या कर्मचाऱ्याने करावयाचे, एवढा एकच आग्रह मी धरला. आणि विश्वस्त मंडळाने तो मान्य केला, याबद्दल मी त्यांचा कृतज्ञ आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापुरातील सखल भाग पाण्याखाली गेला, शहराजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, आणि आमच्या तेथील कार्यालयातील संगणक व त्यांसोबत बॅकअपचे लहान यंत्रही पाण्यात गेले. माणसे सुखरूप होती. मी त्या आठवड्यात नागपुरास होतो आणि मला तातडीने काही करावे लागले नाही, ही गोष्ट मी मोठ्या समाधानाने नमूद करतो. पुण्यातील एका नव्या मुलीने, जिला रुजू होऊन अजून वर्षही झाले नव्हते, भिंतीवरचे ते एक पान समोर धरून कोल्हापूरचे हिशेब एका रिकाम्या लॅपटॉपवर उतरविले, कोल्हापूरच्या हिशेबनिसांना दूरध्वनीवर घेऊन त्यांच्याकडून अखेरच्या नोंदीची रुजवात करून घेतली, आणि त्या महिन्याचे पगार ठरल्या दिवशी झाले. मुलाखतींच्या डिस्का आधीच पुण्यात पोहोचलेल्या होत्या. ज्यांचे आवाज त्यांत होते त्यांपैकी अनेक जण तोवर या जगात नव्हते.

या अनुभवानंतर कोणी संस्था मला विचारते, की आम्ही कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, तेव्हा मी नाव सांगण्याची घाई करीत नाही. नावे बदलतात, आवृत्त्या बदलतात, वाहिन्यांचा वेग वाढतो, आणि आज आम्ही जी यंत्रे वापरतो ती २०१० ची नाहीत. मी त्यांना एवढेच सुचवितो, की तुमच्या सर्वांत लहान शाखेत जा, तेथील सर्वांत नवख्या कर्मचाऱ्यास निवड समितीवर घ्या, आणि ज्या पद्धतीने ती व्यक्ती स्वतःच्या हाताने, कोणाची परवानगी न मागता, हरवलेले परत मिळवू शकेल तिलाच मंजुरी द्या. कारण दप्तर राखण्याचा अधिकार जोवर मुख्य कार्यालयातील थोड्यांच्या हाती राहतो तोवर ते दप्तर त्या थोड्यांच्या उपस्थितीवर अवलंबून असते, आणि तो अधिकार जेव्हा सर्वांच्या हाती दिला जातो तेव्हाच संस्थेचे स्मरण खऱ्या अर्थाने संस्थेचे होते.